लाल दाराची पिकअप

सोयाबीन काढणीला आलं होतं आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. ऑक्टोबर अर्धा सरला, शेंगा काळ्या पडायला लागल्या, तरी हार्वेस्टर शेडमध्येच उभा. लाईल रोज सकाळी बांधावर जाऊन बुटाची टाच मातीत रोवून बघायचा. टाच आत जायची, पाणी वर यायचं. मग तो परत येऊन काही न बोलता कॉफी ओतून घ्यायचा आणि खिडकीपाशी उभा राहायचा.

मी त्याचा चुलतभाऊ ओर्विल. माझी जमीन मी कधीच खंडाने देऊन टाकली. सुगीत लाईलचा हार्वेस्टर चालवतो आणि त्याच्या बायकोच्या, आर्डिसच्या हातचं जेवतो. लग्न केलं नाही. पोटाच्या दुखण्यापायी दारू पीत नाही. अशा माणसासमोर लोक भिंतीसमोर बोलावं तसं बोलतात, त्यामुळे बेल्डन गावात मला बहुतेक सगळं माहीत असतं.

गुरुवारी बेल्डनचं साप्ताहिक येतं. लग्न, मयत, म्हशीएवढा भोपळा, काउंटीच्या सभेचं इतिवृत्त, सगळं त्यात असतं. पण लोक आधी उघडतात ते तिसरं पान. त्यावर शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीतली आठवड्याची नोंद छापतात. ‘हायवेवर गाय. मालकाला कळवलं.’ ‘तळघरात चोर असल्याची तक्रार. रानमांजर निघालं.’ आणि दर आठवड्याला हेही असायचंच: ‘पिकअप चारीत. चालक प्यायलेला. शेरीफने घरी सोडलं, किल्ली सोसायटीत.’ नाव छापत नसत, पण गाडीचं वर्णन असायचं, आणि इथे माणसाला एकवेळ चेहऱ्यावरून ओळखणार नाहीत, गाडीवरून ओळखतातच.

सोसायटीच्या धान्यगोदामात वजनकाट्याच्या खोलीत, गॉर्डीच्या खुर्चीमागे, एका फळीवर ओळीने खिळे ठोकलेले होते. शेरीफ वेंडेल स्ट्राउड प्यायलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीतून घरी पोचवायचा आणि त्याची किल्ली त्या खिळ्यावर अडकवून जायचा. सकाळी माणूस मान खाली घालून यायचा. गॉर्डी म्हणायचा, “आधी काट्यावर उभा राहा. रात्रीची उतरली का बघू दे.” रांगेतले ट्रकवाले हसायचे. तेवढी शिक्षा पुरे, असं आम्ही सगळे मानत होतो. शेजारच्या काउंटीत बेड्या घालतात, नाव छापतात, परवाना काढून घेतात. आमचा वेंडेल माणसासारखा वागतो, असं आम्ही अभिमानाने सांगायचो.

तर हा वेंडेल यंदा खासदारकीला उभा होता. वॉशिंग्टनला जाणार म्हणून सगळी काउंटी हरखली होती. टपालातून त्याचं पत्रक घरोघर आलं. हॅट घातलेला फोटो, मागे गव्हाचं शेत. खाली लिहिलेलं: माझ्या कारकिर्दीत दारू पिऊन गाडी चालवण्याचे गुन्हे निम्म्याहून खाली आले. बेल्डनचे रस्ते सुरक्षित केले, देशाचेही करीन.

ते पत्रक हातात घेऊन मॅव्हिस भर पावसात आली. मॅव्हिस ही आर्डिसची थोरली बहीण, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. छत्री न मिटताच ती दारात उभी राहिली.

“वाचलंस हे?”

“वाचलं. आत तरी ये, मॅव्हिस,” आर्डिस म्हणाली.

“गुन्हे कमी झाले म्हणतो. मग माझी केल्सी कशाने गेली?”

केल्सी मॅव्हिसची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी शाळेची मॅच बघून घरी येत होती. खडीच्या चौकात ट्रॅव्हिस लिंडरची पिकअप न थांबता आडवी आली. पांढरी पिकअप, एक दार लाल. जुनं दार बैलाने तोडलं तेव्हा भंगारातून आणून बसवलेलं. ट्रॅव्हिसला ओरखडाही आला नाही. तो आता तुरुंगात आहे. केल्सीला पुरताना वेंडेलने मॅव्हिसचे दोन्ही हात हातात घेतले होते आणि म्हणाला होता, “त्या पोराबद्दल कधी काही कानावर नव्हतं, मॅव्हिस. कुणाला कळण्यासारखंच नव्हतं.” मी शेजारीच उभा होतो. त्याचे डोळे भरले होते.

“दोन वर्षं मी त्या एका वाक्यावर दिवस काढलेत,” मॅव्हिस म्हणाली. “कळण्यासारखं नव्हतं. देवाची मर्जी. आणि आता हे वाचल्यावर वाटतं, गुन्हे कमी झाले की पकडणं कमी झालं? आर्डिस, मला एवढंच सांग. त्या पोराला आधी कुणी कधी अडवलं होतं का?”

“जुने पेपर ग्रंथालयात आहेत. तू स्वतः...”

“मी चाळायला बसले की त्या आठवड्याचं पान येणार. माझ्याच्याने नाही व्हायचं ते.”

आर्डिसने लाईलकडे पाहिलं. लाईल खिडकीतून पावसाकडे बघत होता.

“जाते मी,” आर्डिस म्हणाली. “नाहीतरी शेतात पाय टाकता येत नाहीये.”

असं ते सुरू झालं. पाऊस असेल त्या दिवशी ती ग्रंथालयात जायची. मलाही रिकामं बसवत नव्हतं, म्हणून मी पानं उलटायला सोबत जायचो. वर्षावर्षाचे अंक पुठ्ठ्यात बांधलेले होते, दोघांनी उचलावे एवढे जड. आधी तिने कोर्टाच्या इमारतीतून शेरीफचे वार्षिक अहवाल मागून आणले. कुणीही मागावेत, द्यावेच लागतात. काउंटरवरची बाई तिच्याच चर्चमधली. तिने अहवाल दिले, पण कशाला हवेत ते तीनदा विचारलं. आर्डिसला आकडे लिहून काढायचा कंटाळा. तिने लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या आणि लाईलच्या शेतातल्या सोयाबीनची पुरचुंडी आणली होती. पेपरात ‘अटक’ दिसली की लहान बरणीत दाणा. ‘घरी सोडलं, किल्ली सोसायटीत’ दिसलं की मोठ्या बरणीत.

लहान बरणीचा तळ जेमतेम झाकला. अहवालातल्या अटकाही तेवढ्याच होत्या. म्हणजे पत्रकात एक अक्षर खोटं नव्हतं. मोठी बरणी मात्र गळ्याशी आली.

“ओर्व,” ती हळूच म्हणाली, “हे आपण दर गुरुवारी वाचत होतो की रे. मोठ्याने वाचून हसत होतो.”

“तू तर गोठ्यातल्या भिंतीला चिकटवायचीस त्यातले मजेशीर मजेशीर.”

“हो. मीच.”

तिने पुढचं पान उलटलं, आणि तिथे होतं: ‘पांढरी पिकअप, लाल दार, पुलाच्या कठड्याला घासली. चालक प्यायलेला. घरी सोडलं, किल्ली सोसायटीत.’ केल्सी जायच्या आधीचा हिवाळा. आर्डिसने पुरचुंडीत हात घातला आणि बाहेर काढला. पर्स उघडली. कोंबड्यांना टाकायच्या मक्याचे चार दाणे तिच्या पर्समध्ये कायमच असतात. तिने त्यातला एक पिवळा दाणा मोठ्या बरणीत टाकला आणि उठून बाहेर वळचणीखाली जाऊन उभी राहिली. मी गेलो नाही. तिच्या पाठीकडे बघूनच मला रडू येत होतं.

नंतर आणखी मक्याचे दाणे पडले. शेवटचा तर त्या अपघाताच्या आदल्याच महिन्यातला.

मधे एक गोष्ट झाली. ‘हिरवी पिकअप, मागे कुत्र्याचा पिंजरा. चालक प्यायलेला. घरी सोडलं.’ ही ओळ आली. असा पिंजरा सबंध काउंटीत एकाच गाडीवर आहे, आणि ती गाडी रोज माझ्या डोळ्यांसमोर उभी असते. आर्डिसची नजर त्या ओळीवरून गेली. हात पुरचुंडीकडे गेला नाही. तिने पान उलटलं. पुढच्या पुठ्ठ्यात ती गाडी पुन्हा आली, पुन्हा पान उलटलं. तीन वेळा. मी माझा चष्मा पुसत राहिलो. नवऱ्याला बरणीत घालणं कुठल्या बाईला जमेल?

घरी बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेल्या असायच्या. एकदा जेवताना लाईलने मोठी बरणी हातात घेऊन हलवली.

“हे काय, लोणचं घातलंयस?”

“वेंडेलच्या दयेचं.”

“वेंडेल वाईट माणूस नाही, आर्डिस.”

“मी कुठे म्हटलं वाईट आहे?”

“बाबा गेले तेव्हा रात्रभर बसला होता माझ्यापाशी. कोण बसतं?”

“ठाऊक आहे मला. चहा मीच करत होते.”

लाईलने बरणी उजेडाकडे धरली, आतले मक्याचे दाणे बघितले, आणि परत जागेवर ठेवली. त्याने आणखी एक प्रश्न विचारायला तोंड उघडलं होतं. मग बटाटा तोंडात घातला.

शेवटी वारा फिरला. दोन दिवस कोरडं उत्तरेचं वारं सुटलं आणि शेंगा वाजायला लागल्या. मग कसला पेपर आणि कसलं ग्रंथालय! मी हार्वेस्टरवर, लाईल ट्रॅक्टरने धान्याचा गाडा ओढायला, आर्डिस धान्याच्या ट्रकवर. सोयाबीनची धूळ म्हणजे खाजकुइली. कॉलरमध्ये, कानात, पापण्यांत जाते. दाणे तर कुठेही शिरतात. बुटात, पँटच्या दुमडीत, खिशात. सुगीनंतर कपडे धुतले की मशीनच्या तळाशी मूठभर सोयाबीन निघतं.

बरण्यांची बातमी तोवर गावभर झाली होती. आमच्याकडे रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ओळखीचा असो नसो, बोट उचलायचंच. आर्डिस ट्रक घेऊन गोदामाला जायला लागली तेव्हा पहिल्या दिवशी दोघांनी उचललं नाही. तिला वाटलं, ऊन डोळ्यांवर असेल. दुसऱ्या दिवशी कुणीच उचललं नाही. मी तिच्या शेजारी बसलो होतो एका खेपेला. समोरून तिच्या लग्नात नाचलेला माणूस आला, सरळ नाकासमोर बघत गेला. आर्डिसचं बोट उचललेलं तसंच राहिलं. मग तिने ते हळूच खाली घेतलं.

गोदामाच्या रांगेत गॉर्डीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“काय आर्डिस, अभ्यास कसा चाललाय?”

“चाललाय.”

“परीक्षेत आम्हाला सगळ्यांना नापास करणार म्हणे.”

रांगेतले हसले. पण ते काट्यावर उभं करतानाचं हसू नव्हतं.

“गॉर्डी, लाल दाराची किल्ली कुठल्या खिळ्यावर असायची रे?” आर्डिसने विचारलं.

गॉर्डीचं तोंड उतरलं. तो वाईट माणूस नाही, फक्त जीभ सैल. “उजवीकडून दुसरा,” तो म्हणाला. “मीच द्यायचो त्याला परत. चेष्टा करायचो. लाजायचा बिचारा.” त्याने पावती फाडून दिली आणि खिडकी लावून घेतली.

खालच्या वावरात ओल होती, आणि त्याच संध्याकाळी भरलेला ट्रक तिथे रुतला. आर्डिसने पाय दाबला तशी चाकं अधिकच खाली गेली. लाईल ट्रॅक्टर घेऊन लांबच्या शेतात होता. आम्ही फावड्याने चिखल उपसत होतो, तेवढ्यात रस्त्याने जाणारी गाडी थांबली आणि वेंडेल उतरला. अंगात प्रचाराचा चांगला कोट. त्याने कोट काढून तारेवर टाकला, गाडीतून साखळी काढली आणि चिखलात गुडघे टेकून ट्रकखाली शिरला. साखळी लावली, आपली गाडी मागेपुढे करत करत ट्रक खेचून काढला. तोंडावर चिखलाचे शिंतोडे.

“उपकार झाले, वेंडेल,” आर्डिस म्हणाली.

तो हात पुसत उभा राहिला. “शनिवारी शाळेतल्या सभेला येणार आहेस म्हणे. बरण्या घेऊन.”

“येणार आहे.”

“आर्डिस, माणूस एकदा चुकला म्हणून त्याचा परवाना काढून घेऊ? इथे परवाना गेला तर तो धान्य कसं नेणार, पोरांना शाळेत कसं सोडणार? ना बस, ना रेल्वे. घर बसतं माणसाचं. ज्यांना मी घरी सोडलं त्यातले बहुतेक सुधारले. ते कुठल्या बरणीत मोजशील?”

“नाही येत मोजता.”

“मग?”

“मग काही नाही. तू मॅव्हिसला म्हणालास, कळण्यासारखं नव्हतं. तेवढंच विचारणार आहे.”

वेंडेलने तारेवरचा कोट उचलला. जाताना माझ्याकडे पाहिलं, मग ट्रककडे. “लाईलला विचारलंयस का?” तो म्हणाला. धमकी नव्हती ती. पण आर्डिसचा रंग उडाला.

निवडणुकीच्या आधीच्या शनिवारी शाळेच्या जिममध्ये चर्चच्या बायका पाईची पंगत घालतात. उमेदवार येतात, चार शब्द बोलतात, लोक भोपळ्याचा पाई खात प्रश्न विचारतात. आम्ही सरळ शेतातूनच गेलो. शेवटचा तुकडा अंधार पडायच्या आत काढायचा होता, कपडे बदलायला वेळ नव्हता. मॅव्हिस वाढायला उभी होती, पांढरा अॅप्रन लावून, हात लालभडक. तिने आम्हाला पाई दिला आणि सगळ्यांत मागे जाऊन बसली.

वेंडेल चांगलं बोलला. टाळ्या पडल्या. मग आर्डिस उठली. पुढे जाऊन तिने दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या. काच टेबलावर वाजली.

“ही लहान बरणी म्हणजे पत्रकातले गुन्हे,” ती म्हणाली. “खरे आहेत. मोठी म्हणजे ज्यांना घरी सोडलं ते. तेही आपल्याच पेपरात छापलेलं आहे, मी काही शोधून काढलं नाही. आपण सगळ्यांनी वाचलंय. रस्ते सुरक्षित झाले असं वेंडेल म्हणतो. मी म्हणते, प्यायलेले तेवढेच होते, बरणी बदलली. आणि यातला मका म्हणजे लाल दाराची पिकअप.”

जिममध्ये काटे-चमचे थांबले. बायका नवऱ्यांकडे बघत नव्हत्या. नवरे बुटांकडे बघत होते.

“आता काय, नावं वाचून दाखवणार?” मागून कुणीतरी ओरडलं.

“नाही. नावं मला नकोत.”

वेंडेलने माईक हातात घेतला. त्याचा आवाज मऊ होता. “आर्डिस, तुझ्या भाचीसाठी माझं मन आजही रडतं. पण मोजायचंच तर सगळं मोजावं. हिरव्या पिकअपचे दाणे आहेत का त्यात?”

एकदोघे हसले आणि गप्प झाले. आर्डिस उभीच होती. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर समोर नवरा बसलेला. मला वाटलं, झालं. केल्सीचा प्रश्न आता हशात जाणार.

खुर्ची सरकली. लाईल उठला. सबंध जिममधून चालत पुढे गेला. बुटांचा चिखल लाकडी फरशीवर पडत होता, आणि एरवी त्या फरशीवर बूट घालून कुणाला चालू देत नाहीत. टेबलापाशी गेल्यावर त्याने बायकोकडे पाहिलंच नाही. खिशात हात घातला. सुगीतला खिसा, त्यात काय कमी! मूठभर भुसा आणि सोयाबीन निघालं. त्याने तळहातावर निवडून एक दाणा बरणीत टाकला. टक्क आवाज झाला. मग दुसरा. मग तिसरा.

“हिने मला वगळलं होतं,” तो म्हणाला. “मला माहीत होतं. खिडकीतली बरणी बघितली तेव्हाच कळलं, कारण हिने नजर चोरली. विचारलं नाही मी. वगळलेलं बरं वाटलं मला.” तो थांबला. लाईलला एवढं बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. “वेंडेल, तू मला तीनदा घरी सोडलंस. दारापर्यंत. मी तुझा आभारी आहे. पण एकदा त्याच खडीच्या चौकातून मी न थांबता गेलो होतो. समोरून कुणी आलं नाही, एवढंच. त्या पोराच्या आणि माझ्यात फरक तेवढाच.”

“बस खाली, लाईल,” वेंडेल म्हणाला. “मला काही आठवत नाही असं.”

“मला आठवतं.”

तेव्हा मागे मॅव्हिस उठली. पुढे आली नाही, जागेवरूनच बोलली. आवाज चढवला नाही, तरी शेवटपर्यंत ऐकू गेला.

“वेंडेल, मला वॉशिंग्टनचं काही देणंघेणं नाही. जायचं तर जा तू. एवढंच सांग. तू माझे हात धरून उभा होतास, तेव्हा तुला लाल दार माहीत होतं की नव्हतं?”

वेंडेलने माईक तोंडाशी नेला आणि खाली घेतला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो. त्याच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मी सांगू शकेन. पण त्या वेळी मला त्याचीही दया आली, हे खोटं नाही.

“माहीत होतं, मॅव्हिस,” तो म्हणाला. माईकशिवाय.

“बरं,” मॅव्हिस म्हणाली. ती खाली बसली. थोड्या वेळाने उठून तिने रिकाम्या प्लेटी गोळा करायला घेतल्या, आणि बायका मुकाट्याने तिच्या मदतीला लागल्या.

वेंडेल निवडून आला. आमच्या काउंटीतही त्यालाच जास्त मतं पडली. फक्त कुणाला विचारलं तर आपण त्याला दिलं असं कुणी म्हणत नव्हतं. नवीन शेरीफ आला, बाहेरचा, तरुण. गॉर्डीने फळीवरचे खिळे काढले. भोकं दिसतात म्हणून त्यावर बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर लावलं. रस्त्यावर बोटं हळूहळू पुन्हा उचलली जायला लागली, सगळी नाही.

लाईलने त्या शनिवारनंतर दारू सोडली, असं सांगायला मला आवडलं असतं. फेब्रुवारीत, उणे वीसच्या थंडीत, तो गुरांच्या बाजारातून परतताना बारपाशी थांबला. निघाला तो हिरव्या पिकअपमधूनच. नव्या शेरीफने गावाबाहेर अडवलं. घरी सोडलं नाही. सकाळी काउंटीच्या तुरुंगातून मला फोन आला आणि मी त्याला आणायला गेलो. गाडीत बसल्यावर बराच वेळ तो हातावर हात घासत होता.

“परवाना गेला,” तो म्हणाला.

“जाणारच.”

“पेरणीला ट्रक तू चालवशील?”

“चालवीन.”

“त्या नव्या शेरीफने नीट वागवलं मला. साहेब म्हणाला. पण घरी नाही सोडलं.” तो खिडकीतून बर्फाकडे बघत होता. “बेड्या फार थंड असतात रे, ओर्व.”

गुरुवारी पेपर आला. अटक झाली की आता नाव छापतात. पूर्ण नाव, वय, गाव. आर्डिसने तिसरं पान उघडलं आणि घडी घालून बाजूला ठेवायला लागली.

“वाच,” लाईल म्हणाला.

“कशाला?”

“दर गुरुवारी वाचायचीस ना मोठ्याने? वाच.”

तिने वाचलं. गायीची ओळ, कुठल्याशा मोडक्या टपालपेटीची ओळ, आणि मग त्याचं नाव. तिचा आवाज नावावर अडला, तरी तिने ते शेवटपर्यंत वाचलं. मग ती उठली. बरण्या अजून खिडकीतच होत्या, टाकवल्या नव्हत्या कुणालाच. तिने मोठ्या बरणीचं झाकण काढलं, लाईलच्या तीन दाण्यांवर बोट फिरवल्यासारखं केलं; आता ते सगळ्यांसारखेच, कुठले ते ओळखणार कसे? तिने वरचा एक दाणा उचलला आणि लहान बरणीत टाकला.

लाईल बघत होता. “निदान मक्याचा नाही झाला,” तो म्हणाला.

आर्डिसने झाकण लावलं, त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. मी माझी कॉफी संपवली आणि गुरांना चारा टाकायला बाहेर पडलो. तसं त्या दिवशी ते काम लाईलचं होतं.